बिनखटक्याचे गिअर

पुणे–पाचगणी–पुणे या २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेरीत, खंबाटकी घाट चढत असताना माझ्या सायकलच्या मागच्या गिअरची केबल तुटली. तुटल्याचा आवाज आला नाही. उजव्या लिव्हरमधला खटका गेले दोन-तीन आठवडे अधूनमधून उशिरा लागत होता. तो त्या क्षणी लागलाच नाही, लिव्हर बोटाखाली पोकळ फिरला आणि चेन एकेक चक्र उतरत सर्वांत लहान, १२ दात्यांच्या चक्रावर जाऊन बसली. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या मागच्या डिरेलरमध्ये स्प्रिंग असते आणि तिची ओढ लहान चक्राकडे, म्हणजे जड गिअरकडे असते. केबल ही त्या स्प्रिंगला आवरून धरणारी दोरी आहे. दोरी गेली की स्प्रिंग आपल्या मनासारखे करते, आणि दोरी बहुधा चढावरच जाते, कारण गिअर हलका करण्यासाठी तिला सर्वांत जास्त आपण चढावरच ओढतो.

ट्रकांच्या धुरात, कठड्याला सायकल टेकवून मी जे केले ते बऱ्याच जणांना ठाऊक असेल. डिरेलरवर हद्द ठरवणारे दोन बारीक स्क्रू असतात. त्यांतला लहान चक्राच्या बाजूचा स्क्रू आत पिळत गेले की डिरेलरला बाहेर जायला जागा उरत नाही आणि चेन एक-दोन चक्रे वर चढून तिथेच राहते. माझी चेन अशी १४ दात्यांवर अडकली. पुढे ३४ दाते, मागे १४. सपाटीवर हे गुणोत्तर चांगले, खंबाटकीत कष्टाचे आणि वाईहून वर जाणाऱ्या पसरणी घाटात निव्वळ थट्टा. निम्मा पसरणी मी सायकल ढकलत चढले. २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटे मिळतात. मी पुण्यात ४० मिनिटे उशिरा पोहोचले. दोष केबलचा नव्हता. ती मी चार वर्षे बदलली नव्हती आणि खटका उशिरा लागतो आहे हे कळूनही, ब्रेव्हे झाल्यावर पाहू, असे म्हणून निघाले होते.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी समजली. माझ्या सायकलला ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये होते, जसे आजच्या बहुतेक रस्त्यावरच्या सायकलींना असतात. केबलचे डोके त्या लिव्हरच्या पोटात, एका लहानशा दातेरी यंत्रणेपाशी बसते. केबल तिथल्या तीव्र वळणावर एकेक तार तुटत जीर्ण होते, आणि शेवटी डोके आत राहून बाकीची केबल बाहेर येते. नारायण पेठेतले माझे सायकलवाले मामा चष्मा कपाळावर चढवून, चिमट्याने, तारांचे तुकडे एकेक करून बाहेर काढत बसले. तुकडे त्यांनी वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. कुसळांसारखे अकरा तुकडे होते. नवी केबल घातल्यावर लिव्हर चालला, पण आता तो चौथ्या आणि पाचव्या गिअरच्या मध्ये खटका गाळू लागला. आतला एखादा पॉल, म्हणजे दात्यांत अडकून खटका देणारी जिभली, झिजला असावा किंवा वंगण सुकून चिकटला असावा. मामांनी त्यात पातळ तेल सोडले, वीस-तीस वेळा लिव्हर मागे-पुढे केला आणि मान हलवली. "ताई, हे घड्याळ आहे. उघडता येतं, पण बंद करता येईलच असं नाही."

तर मग नवा लिव्हर घ्यावा, इतके ते सोपे वाटते. माझी कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरची चक्रांची चळत, नऊ गिअरची. खटक्याच्या गिअरमध्ये, ज्याला आपण इंडेक्स म्हणतो, प्रत्येक खटक्याला लिव्हर केबलची एक ठरावीक लांबी ओढतो, डिरेलर त्या लांबीला एका ठरावीक गुणोत्तराने गुणतो आणि चेन तितकी आडवी सरकते. शिमानो या जपानी कंपनीच्या नऊ गिअरच्या पद्धतीत खटक्याला सुमारे २.५ मिलिमीटर केबल ओढली जाते, डिरेलरचे गुणोत्तर सुमारे १.७ आणि कॅसेटमधल्या दोन लगतच्या चक्रांतले अंतर सुमारे ४.३५ मिलिमीटर. आठ गिअरला हेच अंतर ४.८ असते, दहाला साधारण ३.९५. म्हणजे आठ गिअरचा लिव्हर नऊच्या कॅसेटवर लावला तर दुसऱ्या-तिसऱ्या चक्रापर्यंत कसेबसे जमते आणि मग चेन दोन चक्रांच्या मधोमध कुरकुरत राहते. पुढे शिमानोने दहा गिअरच्या पर्वतीय संचांत आणि अकरा गिअरच्या रस्त्यावरच्या संचांत डिरेलरचे गुणोत्तरच बदलले, त्यामुळे तिथला डिरेलर इथे चालत नाही. दुसऱ्या कंपन्यांची मापे आणखी निराळी. नऊ गिअरच्या चांगल्या लिव्हरची जोडी सहज मिळेना. अकरा किंवा बारा गिअरकडे जायचे तर लिव्हर, दोन्ही डिरेलर, कॅसेट आणि चेन असे सगळेच घ्यायचे. त्याची किंमत मी माझ्या सायकलला मूळ दिलेल्या किमतीच्या पलीकडे जात होती. आणि हे सारे कशासाठी, तर एका पॉलसाठी.

मामांनीच तोड सुचवली, तीही गमतीने. भिंतीवर एक जुनी रेसिंग सायकल टांगलेली होती, तिच्या खालच्या तिरक्या नळीला दोन लहान लिव्हर होते. "ते घाला की. त्याला खटकाच नाही, तर चुकेल काय?" मी हसले आणि घरी आले. रात्री मात्र तेच वाक्य डोक्यात घोळत राहिले.

बिनखटक्याच्या गिअरमध्ये लिव्हरच्या बुडाशी वॉशरांची चळत एका स्क्रूने घट्ट दाबलेली असते. लिव्हर जिथे सोडाल तिथे तो त्या घर्षणाने थांबतो. किती मिलिमीटर केबल ओढायची हे त्याला ठाऊक नसते. ते बोटांना ठाऊक असावे लागते. तेव्हा आठ, नऊ, दहा, कोणत्याही कंपनीचा डिरेलर, कोणतीही कॅसेट, सर्व त्याला सारखेच. खटक्यांच्या आधी जग असेच चालत होते. १९३७ साली तूर द फ्रान्सने डिरेलरला परवानगी दिली तेव्हापासून ऐंशीच्या दशकापर्यंत त्या शर्यतीतले सगळे घाट लोकांनी असेच, अंदाजाने गिअर बदलत चढले. खटक्याचे प्रयोग त्याआधीही झाले होते, पण १९८४ साली शिमानोने ड्युरा-एस संचात एस. आय. एस. ही खटक्याची पद्धत आणली आणि ती टिकली. यातला एक तपशील मला फार आवडतो: त्या पहिल्या लिव्हरवर एक फिरती कडी होती, ती वळवली की खटके बंद होऊन लिव्हर साध्या घर्षणावर चालत असे. आपलाच शोध रस्त्यात बिघडला तर स्वाराने घरी कसे यावे याची सोय बनवणाऱ्यांनी करून ठेवली होती. १९९० साली लिव्हर ब्रेकमध्ये गेले, १९९२ साली इटलीच्या काम्पान्योलोनेही तेच केले, आणि ती कडी नाहीशी झाली. हाताच्या सोयीच्या बदल्यात परतीची वाट बंद झाली. खंबाटकीच्या कठड्यापाशी मला नेमकी ती कडी हवी होती.

तर एका रविवारी मी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले. तिथे नळ, कुलपे, रेडिओ, बेअरिंगे यांच्या ढिगांत सायकलचे सामान असते, पण ते कुठे असेल हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. तिसऱ्या फेरीत एका पोत्यावर, दुचाकीच्या क्लचच्या मुठींमध्ये, हवी ती जोडी दिसली: अॅल्युमिनियमचे बारीक, वक्र लिव्हर, बुडाशी बोटाने पिळता येईल अशी छोटी कडी असलेला स्क्रू आणि नळीभोवती बसणारा पट्टा. विक्रेत्याला ते कशाचे आहेत हे माहीत नव्हते; मी चूक केली आणि त्याला सांगितले. शंभरचे तीनशे झाले. माझी सायकल जुन्या पद्धतीच्या पोलादी नळ्यांची असल्यामुळे पट्टा तिच्या खालच्या नळीवर बरोबर बसला. कार्बनच्या जाड, चपट्या नळीवर हा पट्टा बसला नसता आणि बसला तरी तो आवळण्याचा धीर मला झाला नसता. साधे ब्रेक-लिव्हर मामांकडे होते.

बसवण्याचे काम मी त्यांच्या दुकानात, त्यांच्या देखत, पण स्वतःच्या हाताने केले. वॉशर रॉकेलमध्ये धुतले, कोरडे केले. त्यांना तेल लावायचे नाही, हे मामांनी दोनदा बजावले, कारण तिथे घसरणे हाच रोग आहे. केबलचा मार्ग पाहून मात्र मला सुखद आश्चर्य वाटले. आधी ती हँडलच्या टेपखालून, दोन वळणे घेत, हातभर आवरणातून येत होती. आता लिव्हरपासून ती उघडी, सरळ नळीच्या कडेने खाली जाते, पेडलच्या बुडाखालच्या खोबणीतून वळते आणि फक्त डिरेलरपाशी वीतभर आवरणात शिरते. जिथे केबल घासत नाही तिथे ती अडतही नाही आणि तुटत आली तर डोळ्यांना दिसते.

पहिल्या प्रयत्नात चेन सर्वांत मोठ्या, २७ दात्यांच्या चक्रावर जाईच ना. लिव्हर मागे ओढून ओढून त्याचा प्रवास संपला, तरी डिरेलर एक चक्र अलीकडेच थांबला. मला वाटले, हा लिव्हर पाच गिअरच्या काळातला, त्याच्या चाकाला नऊ गिअरपुरती केबल गुंडाळता येत नाही. सगळे मुसळ केरात. मामांनी लिव्हर पूर्ण पुढे ढकलला आणि केबलला बोट लावून दाखवले. ती बोटभर लोंबत होती. आवळताना मी ती सैल ठेवली होती, त्यामुळे लिव्हरचा पहिला पाव प्रवास ढिलाई भरून काढण्यातच खर्च होत होता. पकडीने केबल ताठ ओढून पुन्हा आवळली आणि चेन २७ वर अलगद चढली. लिव्हरला प्रवास थोडासा उरलादेखील.

"लोक माझ्याकडे खटके बसवायला येतात," मामा म्हणाले, "तुम्ही पहिल्या, काढायला आलात."

शिकणे हा या सगळ्यातला सर्वांत लांब भाग होता, आणि मी तो कमी लेखला होता. पाषाण–सूस रस्त्यावर पहिल्या सकाळी मी जे केले त्याला गिअर बदलणे म्हणता येणार नाही. हात हँडलवरून काढून खाली नळीकडे न्यायचा, म्हणजे आधी सायकल एका हाताने सरळ धरता आली पाहिजे. माझी सायकल लिव्हरच्या दिशेने झुकत राहिली. लिव्हर थोडा ओढला तर काहीच होत नसे, आणखी थोडा ओढला तर एकदम दोन चक्रे. चढाच्या तोंडाशी चेन दोन चक्रांच्या मधल्या दरीत अडकून टकटक वाजायची, मी घाबरून पेडलवर जोर द्यायची आणि मग ती धाडकन कुठल्यातरी चक्रावर आदळायची. एकदा ती पुढच्या लहान चक्रावरून आतल्या बाजूला, फ्रेमवर पडली. चेन हाताने बसवून घरी आल्यावर बोटांचा काळेपणा दोन दिवस गेला नाही.

सुधारणा झाली ती एका जुन्या आठवणीमुळे. माझ्या लहानपणी घरी मोठा रेडिओ होता आणि मुंबई केंद्र लावायचे काम माझ्याकडे असे. घुंडी फिरवताना आवाज स्पष्ट झाला की तिथेच थांबायचे नसते. किंचित पुढे जायचे, खरखर ऐकायची आणि मग केसभर मागे यायचे, म्हणजे केंद्र मधोमध सापडते. लिव्हरचेही तेच आहे. मोठ्या चक्रावर जाताना लिव्हर गरजेपेक्षा थोडा जास्त ओढायचा, चेन चढली की लगेच किंचित पुढे सोडायचा. हे 'किंचित' डोळ्यांनी दिसत नाही. ते कानांनी कळते. चेन चक्राच्या मधोमध असली की मागून नुसती एकसंध सरसर येते. ती मोठ्या चक्राकडे कललेली असेल तर शेजारच्या दात्यांना तिची कड घासते आणि बारीक, भराभर टिकटिक ऐकू येते. ती लहान चक्राकडे कललेली असेल तर आवाज जरा जाड आणि अनियमित असतो, आणि जोर दिला की चेन निसटू पाहते. हे दोन आवाज वेगळे ओळखू यायला मला तीन आठवडे लागले. त्यानंतर लिव्हर कोणत्या दिशेला हलवायचा याचा विचार करावा लागला नाही.

दुसरी गोष्ट पायांची. खटक्याच्या गिअरने माझ्या पायांना उर्मट केले होते. भर चढावर, पूर्ण जोरात असतानाही लिव्हर दाबला की गिअर बदलत असे, कारण ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या हायपरग्लाइडसारख्या चक्रांवर चेन उचलून घेणाऱ्या उतरंडी आणि खाचा कोरलेल्या असतात. त्या खाचा माझ्या कॅसेटवर अजून आहेतच आणि बिनखटक्याच्या लिव्हरलाही त्यांचा फायदा मिळतो. जुन्या काळच्या सपाट दात्यांच्या फ्रीव्हीलवर हेच काम पुष्कळ अवघड गेले असते. तरीही गिअर बदलताना अर्ध्या फेऱ्यापुरता पेडलवरचा जोर काढून घ्यावा लागतो, आणि तो काढायचा तर हाती थोडी गती असावी लागते. म्हणून चढ लागल्यावर नव्हे, चढ लागण्याआधी गिअर बदलावा लागतो. मी रस्ता पुढून वाचू लागले. माझे गिअर बदलणे जवळजवळ निम्म्यावर आले; प्रत्येक बदलाला हात खाली न्यायचा तर उगीच कोण बदलेल?

आणि एक गोष्ट खटक्याला कधीच जमली नव्हती. कर्वे रस्त्यावर सिग्नल अचानक लाल होतो तेव्हा सातव्या-आठव्या गिअरवरून दुसऱ्यावर यायला पूर्वी मला तीनेक वेळा लिव्हर दाबावा लागे. आता तळहाताने लिव्हर एका दमात मागे ओढायचा, थांबेपर्यंत दोन फेरे पेडल मारायचे, आणि चेन सगळी चक्रे सरसर चढून वर.

त्याच सुमारास माझ्या भाच्याने विजेरीवरच्या गिअरची सायकल घेतली. मागच्या डिरेलरमध्ये मोटर, पुढच्या डिरेलरमध्ये मोटर, लिव्हरमध्ये फक्त बटणे. विजेवर गिअर बदलण्याचा प्रयत्न फ्रान्सच्या माविकने नव्वदच्या दशकात केला होता, तो फार चालला नाही. २००९ साली शिमानोचे विजेवरचे डी-आय-टू आले आणि २०१५ साली अमेरिकेच्या स्रॅमने पूर्ण बिनतारी ई-टॅप जाहीर केले, त्यानंतर महागड्या सायकलींवर केबल दिसेनाशी झाली. एका शनिवारी खडकवासल्यापासून डोणज्यापर्यंत आणि तिथून सिंहगडाच्या चढावर आम्ही सायकली अदलाबदल करून चालवल्या.

मी प्रामाणिकपणे सांगते, ते यंत्र उत्कृष्ट आहे. बटण दाबले की मागे एक बारीक 'झ्झिक' होते आणि बारा गिअरमधला पुढचा गिअर लागलेला असतो. पावसाळी हातमोजे असोत, पायांत गोळे आलेले असोत, उभे राहून पेडल मारत असा, त्याला फरक पडत नाही. मागचा डिरेलर जसजसा आत-बाहेर जातो तसतसा पुढचा डिरेलर चेन घासू नये म्हणून आपोआप रेसभर सरकतो. माझ्या कानांनी तीन आठवडे घालून जे शिकले ते हे यंत्र कारखान्यातून शिकून येते, आणि माझ्यापेक्षा चांगले करते. बारा गिअरच्या कॅसेटमध्ये चक्रे इतकी जवळ असतात की माझ्या लिव्हरने तिथे नेमकी जागा शोधणे म्हणजे सुईत दोरा ओवत सायकल चालवण्यासारखे झाले असते. शर्यतीत भाग घेणाऱ्याने बिनखटक्याच्या नादी लागू नये. हँडलवरून हात काढला तेवढ्यात पुढची माणसे निघून जातात.

भाच्याने माझी सायकल पंधरा मिनिटे चालवली आणि तो वैतागला. "मावशी, ही सायकल मला सारखी विचारतेय. मी कामावरून थकून आलोय, मला कोणी काही विचारू नये." त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. मात्र परतताना त्याच्या सायकलचा पुढचा डिरेलर हलेनासा झाला. त्याने कित्येक आठवडे बॅटरी भरली नव्हती. ती उतरत आली की त्या संचात आधी पुढचा डिरेलर थांबतो आणि मागचा काही काळ चालू राहतो, म्हणजे स्वाराला घरी जाता यावे. ही सोय पाहून मला १९८४ सालची ती फिरती कडी आठवली. चूक भाच्याची होती, जशी केबलबाबत माझी होती. फरक इतकाच, की माझी चूक आता सायकलवर उघडी दिसते.

मध्यंतरी या लिव्हरची एक खरी परीक्षा झाली. वाईला कृष्णाकाठी चहा घेत असताना मी नीट न टेकवलेली सायकल उजव्या अंगावर पडली आणि डिरेलर लटकतो तो हँगर आत वाकला. फार नाही, मागून पाहिले तर डिरेलरचा पिंजरा चाकाकडे थोडा कलल्यासारखा दिसे. खटक्याच्या गिअरला एवढे पुरते. सगळे खटके एकेका चक्राच्या बाजूला सरकतात आणि केबलचा ताण कितीही कमीजास्त केला तरी एका टोकाला जुळवले की दुसऱ्या टोकाला बिघडते. मी मात्र निघाले आणि पहिल्या दोन-तीन बदलांतच बोटांनी नव्या जागा शोधून घेतल्या. एक धोका होता आणि तो मामांनी आधीच सांगून ठेवला होता: हँगर आत वाकला की मोठ्या चक्रावर असताना डिरेलर आऱ्यांत शिरू शकतो, आणि तसे झाले तर चाक, डिरेलर आणि स्वार तिघांचे भले होत नाही. म्हणून मी चहावाल्याकडून स्क्रू-ड्रायव्हर मागून मोठ्या चक्राच्या बाजूची हद्द अर्धा फेरा आत घेतली आणि २७ दात्यांचा नाद सोडून २४ वर घरी आले. पुण्यात मामांनी डिरेलरच्या जागी मापकाचा लांब दांडा लावून पोलादी हँगर थंडच वाकवून सरळ केला. पाच मिनिटांचे काम.

त्याच वर्षी हिवाळ्यात मी पुन्हा तोच २०० किलोमीटरचा मार्ग घेतला. भाचाही बरोबर होता, बॅटरी भरून. कात्रजचा बोगदा पहाटेच्या अंधारात गेला. पुढच्या हमरस्त्यावर, शेजारून कंटेनर जात असताना हँडलवरून हात काढणे मला अजूनही आवडत नाही, आणि तिथे मी अनेकदा चुकीच्या गिअरवरच रेटत राहिले. खंबाटकीत ज्या कठड्याला सायकल टेकवली होती तो कठडा मला ओळखता आला नाही. तिथले सगळे कठडे सारखेच. सुरूर फाट्यावर डावीकडची मालवाहू रांग सुटली आणि वाईपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस होता.

पसरणीच्या दुसऱ्या वळणानंतर एक गंमत झाली. मी २४ दात्यांवर होते, आणि काही न करता पेडल एकदम जड झाले. चेन २१ वर उतरली होती. लिव्हर परत ओढला, शंभर मीटरवर पुन्हा तेच. क्षणभर पोटात गोळा आला. मग खाली पाहिले तर लिव्हर माझ्या डोळ्यांदेखत, घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या सावकाशीने पुढे सरकत होता. वॉशरांचे घर्षण थोडे कमी झाले होते आणि डिरेलरची स्प्रिंग त्याच्यावर मात करत होती. उतरण्याचीही गरज पडली नाही. चालत्या सायकलवरून वाकून बुडाची कडी दोन बोटांनी पाव फेरा पिळली, लिव्हर ओढून २४ वर आणला आणि तो तिथे राहिला.

पाचगणी दोन वळणांवर आली तेव्हा भाचा माझ्या बरोबरीने चालत होता. त्याच्या हँडलवरच्या पडद्यावर त्याचा गिअर, बॅटरी, चढाची तीव्रता, सगळे आकड्यांत दिसत होते. धापा टाकत त्याने विचारले, "मावशी, कितव्यावर आहेस?"

मी खाली वाकून पाहिले. चेनच्या आड चक्रे मोजता येईनात, आणि लिव्हरवर तर कुठलाच आकडा नव्हता. "माहीत नाही," मी म्हटले, "वाजत नाहीये, तेव्हा बरोबरच असेल."